बर्लिनच्या ज्यू कुटुंबावर कादंबरी लिहितेय, घर सोडायच्या प्रकरणाशी अडलेय

बालाघाटची

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईची, कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. पेपर तपासून उरलेल्या वेळात एक कादंबरी लिहितेय. बर्लिनमधलं एक ज्यू कुटुंब. बाप शिंपी, पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढलेला, आयर्न क्रॉस हे शौर्यपदक मिळालेला. बायको, म्हातारी आई आणि मुलगी. १९३३ पासून सुरुवात केली, आता ऑक्टोबर १९४१ ला येऊन पोचलेय.

इथवर फार झगडावं लागलं नाही. नाझींचे हुकूमच इतके आहेत की प्रकरणं आपोआप पडत जातात. नोव्हेंबर १९३८ मध्ये दुकानाच्या काचा फुटल्या, त्याच महिन्यात पहिलीतल्या पोरीची शाळा सुटली. १ जानेवारी १९३९ पासून ज्यूंना स्वतःचा कारागिरीचा धंदा बंद, म्हणजे शिंप्याचं दुकान गेलं. त्याच वर्षी सोनं-चांदी नगरपालिकेच्या गहाणवटीच्या पेढीत नेऊन द्यायची, युद्ध सुरू झाल्यावर रेडिओ द्यायचा. १९४० पासून बर्लिनमध्ये बाजारहाट फक्त दुपारी ४ ते ५. मग १९ सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरच्या प्रत्येकाच्या छातीवर पिवळा तारा. तो नुसता टाचून चालायचा नाही, पक्का शिवलेला हवा. शिंपी घरातल्या चौघांचे तारे शिवतो, कडा आत दुमडून, बारीक टाक्यानं. ती तीन पानं बरी जमलीत असं माझं मत आहे.

पुढं अडलं. १८ ऑक्टोबर १९४१ ला ग्रुनेवाल्ड स्टेशनवरून पहिली गाडी सुटली, तिच्यात मला यांना बसवायचंय. पण घरातले शेवटचे दिवस लिहायला घेतले की नुसती रडारड होते. गळ्यात गळे, भिंतीवरून हात फिरवणं, उंबऱ्यावर थबकणं. माझं मलाच वाचवत नाही. आमच्या वाचनकट्ट्यावरच्या एका बाईंनी हस्तलिखित वाचलं नि म्हणाल्या, "छावणी कधी येणार? छावणी आली की बघ वाचक कसा धरून राहतो." एक सर म्हणाले, "जर्मनी-पोलंड डोळ्यांनी बघितलेलं नाही, कशाला या भानगडीत पडता?" दोन्ही मनाला लागलं.

तर त्या शेवटच्या दिवसांत घरात नेमकं काय चाललेलं असेल? आणि या लोकांच्या सोबतीनं लेखकानं कुठवर जावं?


मांजरा_काठ

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. त्या बाईंचं बरोबर आहे. दीडशे पानं हुकूमच वाचायचे तर माणूस गॅझेट वाचील की. आउशवित्झ दाखवा, त्याशिवाय हा विषय वाचकाच्या अंगावर येत नाही. घर सोडायचं दोन पानांत उरका नि गाडी लवकर हलवा.


पाणचक्की

@मांजरा_काठ, ऑक्टोबर १९४१ ची बर्लिनची गाडी आउशवित्झला जातच नव्हती. ती गेली पोलंडमधल्या लॉड्झला. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्लिन, व्हिएन्ना, प्राग, फ्रँकफुर्ट, कोलोन अशा शहरांतून सुमारे २०,००० माणसं लॉड्झच्या आधीच खच्चून भरलेल्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायच्या वस्तीत, कोंबली. नोव्हेंबरात बर्लिनहून निघालेल्या गाड्यांपैकी लिथुआनियातल्या कौनासला गेलेल्यांना २५ तारखेला तिथल्या किल्ल्यात गोळ्या घातल्या, आणि लॅटव्हियातल्या रिगाला गेलेल्यांना ३० तारखेला पहाटे गाडीतून उतरवून रुंबुलाच्या जंगलात. छावणी म्हटलं की सगळ्यांना एकच फाटक आठवतं. ऐतिहासिक कादंबरीत तसं करून चालत नाही.

ताई, तुमची माणसं लॉड्झला पोचली तर दोन गोष्टी आधीच ठरवून ठेवा, कारण पुढचं सगळं कथानक त्यांच्यावर फिरतं. मे १९४२ मध्ये बाहेरून आणलेल्या या ज्यूंपैकी सुमारे ११,००० जणांना लॉड्झमधून खेल्म्नोच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं. त्या वेळी आयर्न क्रॉस असलेल्यांना वगळलं होतं. म्हणजे तुमच्या शिंप्याचं पदक चार महिने कामाला येतं. शिवाय घेट्टोत जर्मन सैन्याचे गणवेश शिवायचे कारखाने होते, तिथं शिंप्याला काम मिळतं. पण सप्टेंबर १९४२ मध्ये आठवडाभर संचारबंदी लावून दहा वर्षांखालची मुलं आणि पासष्टीपुढची माणसं घराघरांतून उचलली, पंधरा हजारांवर. तेव्हा तुमच्या पोरीचा वाढदिवस कोणत्या महिन्यात आहे ते आत्ताच बघा. म्हातारीचं तर सांगायलाच नको.

"डोळ्यांनी बघितलं नाही" म्हणणाऱ्या सरांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. हा इतिहास आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही. लेओपोल्ड वाइस, १९०० साली लेंबर्गच्या (आजचं युक्रेनमधलं ल्विव) ज्यू घरात जन्मलेला माणूस, १९२६ मध्ये मुसलमान होऊन मुहम्मद असद झाला, आणि १९३० नंतरच्या दशकात निजामाच्या आश्रयानं हैदराबादहून निघणाऱ्या 'इस्लामिक कल्चर' या त्रैमासिकाचं संपादन करत होता. मराठवाडा तेव्हा निजामाकडेच. युद्ध पेटलं तशी ब्रिटिशांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून हिंदुस्थानातच डांबला, तो १९४५ ला सुटला. इकडं तो जर्मन म्हणून कैदेत आणि तिकडं त्याचे वडील नि बहीण ज्यू म्हणून नाझींनी संपवलेले. तुमच्या शिंप्याच्या कुणा नातलगाला मुंबईचा व्हिसा मिळवायची धडपड करू द्या, कथानकात सहज बसेल.


जुनं_दप्तर

ताई, मी इतिहासाचा माणूस नाही. महसूल खात्यात कारकून लागलो, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. कळंब, भूम, परंडा, सगळा उस्मानाबाद जिल्हा (आता धाराशिव म्हणायचं) पालथा घातला. जप्तीच्या याद्या, पंचनामे, लिलावाच्या जाहिराती यांतच हयात गेली. दुसऱ्या महायुद्धाचं वाचायचं वेड जुनं, पण लढायांपेक्षा मला कागद कसा फिरला त्याची जास्त उत्सुकता. खोड म्हणा.

तुम्ही विचारलंत, शेवटच्या दिवसांत घरात काय चाललं असेल. फॉर्म भरणं चाललं असेल.

सोळा पानांचा फॉर्म असायचा, मालमत्तेचं विवरण. रोकड किती, बँकेत किती, विमा, येणं, देणं. मग घरातलं सामान: पलंग, गाद्या, कपाटं, दिवे, भांडीकुंडी, चादरी, टॉवेल, पुरुषांचे शर्ट, बायकांचे कोट. किती नग, किंमत काय. भाडं कधीपर्यंत दिलंय, गॅस-विजेचं बिल बाकी आहे का, तेही. शेवटी सही. ज्याला घराबाहेर काढायचं त्याच्याच हातून, त्याच्याच अक्षरात जप्तीची यादी तयार करून घ्यायची! आम्ही आयुष्यभर याद्या केल्या, पण ही युक्ती कधी कुणाला सुचली नव्हती.

आता एक सांगतो. परंड्याकडच्या एका गावात थकबाकीच्या जप्तीला गेलो होतो. घरधनी आम्हाला बघून रानात निघून गेलेला, बाई एकटी घरी. पंच म्हणून शेजारचेच दोघं धरले. शिपाई एकेक वस्तू बाहेर आणून ठेवायचा आणि मी ओट्यावर बसून लिहायचो. तांब्याचं घंगाळ आलं. मी लिहिलं, 'तांब्याचे घंगाळ, नग १, जुने.' बाई दाराच्या आडून म्हणाली, "सायेब, त्येला बुडाला पोचा हाय, त्ये बी लिवा. न्हाईतर उद्या म्हनताल आमीच ठोकला." वस्तू तिची. ती कायमची चाललीय हे तिला कळतंय. आणि धास्ती कशाची, तर उद्या सरकार आपल्यालाच बोल लावील याची. मी लिहिलं, 'बुडाशी पोचा आलेला.' पंधरवड्यानं चावडीपुढं लिलाव झाला तेव्हा त्या घंगाळावर बोली लावणाऱ्यांत दोन पंचांपैकी एक होता. त्यालाच सुटलं. पोचा दाखवून किंमत पाडून घेतली गड्यानं.

तुमचा शिंपी त्या बाईसारखाच वागणार. सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही ही त्याची जन्माची सवय, पदक मिळालेला माणूस आहे. तो शर्ट मोजील, त्यातले विरलेले वेगळे लिहील. बायको कपाटातून एकेक काढून आकडा सांगील. म्हातारी मध्येच विचारील, टेबलक्लॉथ भिजत घातलाय, तो धरायचा का? पोरगी म्हणेल, माझ्या बाहुलीची किंमत किती लावली? आणि बापाला खरंच विचार करावा लागेल. गळ्यात गळे घालायला वेळ कुणाला आहे, उद्या सकाळी सोळा पानं पुरी करून द्यायचीत. रडू यायचं तर ते एखाद्या बेरजेत चूक निघाल्यावर येईल.

एक खुलासा आधीच करून ठेवतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल की हा बाबा तहसीलदाराला गेस्टापो (नाझींचे गुप्त पोलीस) म्हणतोय. आमच्या जप्तीला काही देणं असायचं, नोटीस असायची, वर अपील असायचं, आणि माणूस त्याच घरात राहायचा. तिथं देणं काहीच नव्हतं. ज्यू म्हणून जन्मले एवढंच. मी फक्त यादी करताना माणसं कशी वागतात ते सांगतोय.

पुढचा कागद असा फिरला. गोळा केलेल्या लोकांना लेवेत्सोश्ट्रासवरच्या सिनेगॉगमध्ये आणून ठेवायचे. तिथं बेलिफ येऊन प्रत्येकाच्या हातात नोटीस द्यायचा की तुमची मालमत्ता सरकारजमा झाली. बेलिफ, ऐका बरं! सगळं कसं कायद्यात बसवून. सुरुवातीला यासाठी १९३३ चे कायदे वापरले, जे मुळात कम्युनिस्टांची मालमत्ता ओढायला केलेले. २५ नोव्हेंबर १९४१ ला आणखी सोपं केलं: ज्यू माणसानं राईशची, म्हणजे जर्मन राज्याची, सरहद्द ओलांडली की नागरिकत्व गेलं आणि मालमत्ता आपसूक सरकारची. त्याला गाडीत घालून सरहद्द ओलांडायला लावायचं तुम्हीच, आणि वर म्हणायचं की याचा मुक्काम आता परदेशात आहे. लॉड्झ मात्र जर्मनीला जोडून घेतलेलं होतं, त्यामुळं तिथं हे कलम लागत नव्हतं. तुमच्या कुटुंबाला जुन्याच पद्धतीची नोटीस मिळेल. तारखा जुळवताना हे सांभाळा.

घराला सील. मग मूल्यांकन करणारा येऊन शिंप्याच्या यादीशी सामान ताडून बघणार आणि आपल्या किमती घालणार, अर्थातच कमी. त्यानंतर जाहीर लिलाव. कोण यायचं? आसपासचेच लोक, ज्यांना स्वस्तात पलंग हवा होता ते. घरमालक वित्त खात्याला लिहायचा, रिकाम्या घराचं भाडं कोण भरणार? गॅस-विजेच्या कंपन्या बाकीसाठी पत्रं धाडायच्या. आणि ती भरली जायची, जप्त रकमेतून. बर्लिनच्या वित्त कार्यालयाच्या अशा हजारो फायली पॉट्सडॅमच्या राज्य अभिलेखागारात आजही आहेत. माणूस मारला गेला, त्याच्या फायलीत पत्रव्यवहार मात्र चालूच.

रेल्वेचंही तसंच. या गाड्यांचं भाडं लागायचं, तिसऱ्या वर्गाच्या दरानं, किलोमीटरला ४ फेनिग. चारशेवर माणसं असली की निम्मा दर. दहा वर्षांखालच्या पोरांना अर्धं, चार वर्षांखालच्यांना माफ. आपल्या एसटीत कंडक्टर पोराला उभं करून वय विचारतो ना, हाफ की फुल, तसंच. रखवालदारांचं तिकीट जाऊन-येऊन, बाकीच्यांचं नुसतं जायचं.

कुठवर जावं, यावर माझं मत विचाराल तर जिथवर त्यांच्या बाजूचा कागद आहे तिथवर बेलाशक जा. लॉड्झच्या घेट्टोत ज्यूंनी स्वतः रोजची बखर लिहून ठेवलीय, जानेवारी १९४१ ते जुलै १९४४. हवामान, भाकरीचा भाव, किती मेले, कोणती अफवा उठली, सगळं. वॉर्सातल्या लोकांनी तर आपले कागद दुधाच्या कॅनमध्ये नि पत्र्याच्या पेट्यांत घालून जमिनीत पुरले, युद्ध संपल्यावर १९४६ नि १९५० ला काही सापडले. इतक्या हालात ज्यांनी लिहून ठेवलं त्यांचं वाचून लिहा. पण खेल्म्नोला माणसं बंद ट्रकमध्ये कोंबून मारली, त्या ट्रकच्या आतलं लिहू नका. आतून कुणी काही लिहिलेलं नाही. आपण तिथं बसून वाक्यं रचायची म्हणजे मला तरी बरं दिसत नाही. दार लागेपर्यंत लिहा आणि बाहेर राहा.


तेरणेचं_पाणी

सगळं छान चाललंय. पण एक विचारू? बर्लिनच्या शिंप्याची एवढी काळजी, आणि आपल्या गावात रझाकारांनी काय केलं, पोलीस ॲक्शननंतर काय झालं, त्यावर किती कादंबऱ्या आल्या? आमच्या आजीनं रझाकारांच्या भीतीनं आठ दिवस ज्वारीच्या फडात काढलेत. आधी घरचं लिहा, मग जगाचं.


जुनं_दप्तर

आजीचं तुम्ही लिहा. चेष्टा नाही करत, खरंच लिहा, त्या असतील तर आजच विचारून घ्या.

मी नोकरीला लागलो तेव्हा निजामाच्या काळचं दप्तर उर्दूत होतं. ते वाचणारा एक म्हातारा कारकून ऑफिसात होता, त्याच्याजवळ बसून मी थोडं शिकलो. जमिनींच्या जुन्या कागदांवर कुठं कुठं 'इव्हॅक्यू' असा शेरा असायचा, म्हणजे मूळ मालक निघून गेलेला. त्या ओळीखाली नवं नाव. मी एकदा त्या कारकुनाला विचारलं, हे लोक कुठं गेले? त्यानं नुसतं पान उलटलं. रझाकारांनी हिंदूंवर केलेले अत्याचार आपण शाळेपासून ऐकतो, ऐकलेच पाहिजेत. पण सप्टेंबर १९४८ नंतर मुसलमानांवर जे गुदरलं, त्याची चौकशी करायला केंद्रानं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिनं मेलेल्यांचा कमीत कमी अंदाज २७,००० ते ४०,००० दिला, आणि सगळ्यात वाईट स्थिती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या जिल्ह्यांची सांगितली. आपलेच जिल्हे. तो अहवाल कित्येक वर्षं बाहेर आला नाही.

बर्लिनचं आणि हे एक नाही. कारणं वेगळी, पल्ला वेगळा, एकाच्या मापानं दुसरं मोजायला जाऊ नये. पण शेजारचं घर रिकामं झालं की गाव काय करतं, कोण कुलपाकडं बघून मान वळवतं आणि कोण रात्री दाराची चौकट काढून नेतं, हे ताईंना अंबाजोगाईतल्या म्हाताऱ्यांकडून कळेल. जर्मनी न बघितल्याचं त्यांच्या सरांना फार वाटतंय, म्हणून म्हणतोय.


मांजरा_काठ

वाचलं सगळं. दप्तरकाका, तुमचा फॉर्म भारी आहे. पण मला तरी छावणी पाहिजेच.


बालाघाटची

@मांजरा_काठ, तुमच्यासाठी घेट्टो आहे, तेवढ्यावर भागवा.

काका, काल रात्री बसून फॉर्मचं प्रकरण सुरू केलं. टेबलक्लॉथ घेतला, परवानगी न विचारता. लिहिता लिहिता एक पात्र आपणहून आलं: खालच्या मजल्यावरची शेजारीण. वाईट बाई नाही, काचा फुटल्या तेव्हा हिनंच झाडू आणून दिलेला. ती वर येते आणि म्हणते, "शिवणयंत्र यादीत कशाला घालता, मला द्या, तुम्ही परत येईपर्यंत सांभाळते." तिच्या मनात खोट आहे की नाही, हे मलाच अजून कळलेलं नाही. दुकान गेल्यापासून यंत्र घरात पडून आहे, बापाचा जीव त्यात अडकलाय. आता तो काय करील, तिला देईल की यादीत लिहील?

@पाणचक्की, वाढदिवस बघितला. मी आधी सहज म्हणून डिसेंबर ठरवला होता. म्हणजे सप्टेंबर १९४२ मध्ये ती नऊच वर्षांची. तो बदलायचा की तसाच ठेवायचा, दोन दिवस झाले ठरत नाहीये. बदलला तर मी तिला वाचवण्यासाठी बदलला हे मला माहीत असणार.


पाणचक्की

बदलू नका. बाप सरकारी कागदावर तिचं वय वाढवायचा प्रयत्न करू शकतो. घेट्टोत लोकांनी तसे प्रयत्न केले. फॉर्मवर खरं लिहिणारा माणूस वर्षभरात इथवर येतो, हे तुमच्या कथानकाला मिळालेलं आहे, सोडू नका.


जुनं_दप्तर

पाणचक्की म्हणतात ते पटलं.

शिवणयंत्राचं सांगतो. शेजारणीच्या मनात खोट आहे की नाही हे तुम्ही ठरवूच नका, तिलाही ते तेव्हा माहीत नसेल. तिला लिलावाच्या दिवशी जिन्यात उभी करा, मग बघू ती काय करते. बापाबद्दल माझा अंदाज, तो यंत्र यादीतच घेणार. कारण मूल्यांकनवाला खोलीत येऊन बघणार, जमिनीवर पायाच्या लोखंडाचे व्रण दिसणार, आणि चौकशी शेजारणीकडं जाणार. तिला त्रास नको म्हणून तो नाही म्हणेल, आणि तिला वाटेल की हे लोक माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत. त्यावरून दोघांत चार शब्द होऊ द्या.

यंत्र यादीत घेताना आम्ही बनावट, नंबर आणि चालू की बंद हे लिहितो. बाप फॉर्मवर तेच लिहील. पावणेतीन वर्षं पडून असलेलं यंत्र अडकत असणार, तर तो आधी तेल घालून, पट्टा बसवून, चिंधीवर टीप मारून बघेल आणि मगच 'चालू' लिहील.

प्रकरण पुरं झालं की इथं टाका. आणि लिलावाच्या किमती घालताना घाई करू नका, शिंप्याची किंमत आणि मूल्यांकनवाल्याची किंमत दोन्ही शेजारी शेजारी द्या.